जन्मतः एच.आय.व्ही.बाधित बालके : उपचार आणि विलंब



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एच.आय.व्ही.सारखा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात उमटणे स्वाभाविक आहे. १९८६ साली चेन्नईत या विषाणूची भारतातील पहिली नोंद झाली. तेव्हापासून हा रोग कोणाचा तरी दुसऱ्याचा, हमरस्त्यावरच्या ट्रकचालकांचा, महानगरांतील बदनाम वस्त्यांचा, अशी एक सोयीची समजूत सुस्थितीतील घरांनी जपली आहे. परंतु येथे ज्या रुग्णाविषयी बोलावयाचे आहे, त्याच्या वर्तनाची चर्चा करण्यास जागाच नाही. तो जन्मला, एवढेच त्याने केले आहे. त्याच्यासाठी प्रभावी औषध उपलब्ध आहे, आणि त्या औषधाचे मूल्य शासन भरते. असे असूनही ते औषध अनेकदा उशिरा पोहोचते. हा उशीर कोठे होतो, याचा शोध हेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एच.आय.व्ही.बाधित मातेचे प्रत्येक मूल बाधितच जन्मते, असे मुळीच नाही. काहीही उपचार न झाल्यास शंभरातील पंधरा ते पंचेचाळीस बालकांना गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून हा विषाणू लागतो. मातेला वेळीच औषधे सुरू झाली, तर हेच प्रमाण शंभरात पाचाच्या खाली, उत्तम देखरेखीत एक-दोनापर्यंत येते. म्हणजे बालकावरील उपचाराचा पहिला भाग हा वस्तुतः मातेवरील उपचार होय. भारतात २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस, तिच्या रक्तातील पेशींची संख्या कितीही असो, आजीव औषधे देण्याचे धोरण आहे. त्यासाठी तिची चाचणी मात्र व्हावयास हवी, आणि ती गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांतच व्हावयास हवी.

आता त्या बालकाकडे वळू, ज्याला हे संरक्षण मिळाले नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात हा विषाणू आठ-दहा वर्षे गुपचूप राहू शकतो. माणूस दुकान चालवतो, लग्नकार्ये करतो, त्याला काही जाणवत नाही. नवजात बालकाचे तसे नसते. त्याची रोगप्रतिकारशक्ती अद्याप घडत असते, आणि विषाणू तिच्याच घडणीवर घाला घालतो. उपचाराविना अशा बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसापूर्वी आणि निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात. मृत्यूंचा मोठा वाटा तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच असतो. बाहेरून पाहणाऱ्यास न्यूमोनिया दिसतो, न थांबणारे जुलाब दिसतात, अंग न धरणारे मूल दिसते. घरातली वडीलधारी मंडळी दृष्ट काढतात, दूध बदलतात, डॉक्टर बदलतात. मूळ कारणाचे नाव कोणी उच्चारत नाही, आणि मूल गेल्यावर तर ते विचारण्याचेही कारण उरत नाही.

पूर्वी डॉक्टरांतही मतभेद होता. इतक्या कोवळ्या जीवास तीन-तीन तीव्र औषधे द्यावीत, की लक्षणे दिसेपर्यंत थांबावे? दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन व सोवेटो येथे 'चेर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात सहा ते बारा आठवड्यांच्या बाधित बालकांचे गट करण्यात आले. काहींना लगेच उपचार दिले, काहींना प्रकृती ढासळू लागल्यावर. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, थांबलेल्या १२५ बालकांपैकी २० दगावली, म्हणजे शेकडा १६. लगेच उपचार मिळालेल्या २५२ पैकी १० दगावली, म्हणजे शेकडा ४. मृत्यूचे प्रमाण तीन चतुर्थांशाने घटले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालील प्रत्येक बाधित बालकास निदान होताच औषधे सुरू करण्याची शिफारस केली आणि २०१० मध्ये ही मर्यादा दोन वर्षांपर्यंत नेली. थांबून पाहू, हा सल्ला व्यापारात कधी कधी लाभदायक ठरतो. येथे तो प्राणघातक ठरला.

परंतु निदान व्हावे कसे? नेहमीची रक्तचाचणी विषाणू शोधत नाही, ती त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. मातेची प्रतिपिंडे बालकाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे निरोगी बालकाचीही चाचणी बाधित दिसते, आणि दीड वर्ष वाट पाहावी, तर निम्मी बालके तोवर राहत नाहीत. यावर उपाय म्हणून बालकाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे काही थेंब विशिष्ट जाड कागदावर घेतले जातात. ते वाळवून मोठ्या प्रयोगशाळेत धाडतात आणि तेथे प्रत्यक्ष विषाणूचा जनुकीय अंश शोधला जातो. वाळलेल्या थेंबाला बर्फाची पेटी लागत नाही. साधे टपाल पुरते. भारतात हा कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या कार्यात अग्रभागी राहिली. सहाव्या आठवड्याला पहिली तपासणी, पुढे सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि शेवटी अठराव्या महिन्यात निश्चिती, असा हा क्रम आहे. त्यातील सहाव्या आठवड्याची तारीख सर्वांत मोलाची आहे.

औषधे तीनच का, एक का नाही, असा प्रश्न सूज्ञ श्रोत्यांस पडेल. हा विषाणू स्वतःच्या नकला अत्यंत वेगाने काढतो आणि काढताना चुकाही करतो. एखादी चुकलेली नक्कल नेमकी त्या एका औषधाला दाद न देणारी निघते, आणि मग तिचीच संतती फोफावते. भिन्न ठिकाणी आघात करणारी तीन औषधे एकाच वेळी दिली, तर तिन्हींना चुकवणारी नक्कल निघणे जवळजवळ अशक्य होते. हे तत्त्व १९९६ च्या सुमारास सर्वमान्य झाले.

त्यापूर्वीचा इतिहास एकेका औषधाचा आहे. १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील अभ्यासात झिडोव्ह्युडिन या औषधाने बालकांतील संसर्ग शेकडा २५ वरून सुमारे ८ वर आला. १९९९ साली युगांडात मातेस प्रसूतीच्या वेळी नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि बालकास त्याच औषधाचा एक डोस, एवढ्यावर संसर्ग जवळपास निम्मा झाला. गरीब देशांना ही पद्धत वरदानच वाटली, आणि भारतानेही ती स्वीकारली. महाराष्ट्राचा वाटा येथे मोठा आहे. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालय यांनी युगांडा व इथिओपियातील संस्थांच्या बरोबरीने, एका डोसाऐवजी सहा आठवडे बालकास औषध पाजून पाहिले. स्तनपान करणाऱ्या बालकांनाही त्यामुळे पहिल्या आठवड्यांत अधिक संरक्षण मिळते, हे २००८ साली या तिन्ही देशांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसले. आज बाधित मातेच्या बालकास सहा ते बारा आठवडे जे प्रतिबंधक औषध पाजतात, त्यामागे ससूनच्या वॉर्डात बाळे घेऊन बसलेल्या शेकडो गरीब मातांचा सहभाग आहे. त्यांची नावे कोठेही नाहीत.

एका डोसाच्या पद्धतीत उणीवही होती. संरक्षण असूनही जे मूल बाधित निघे, त्याच्या शरीरातील विषाणू नेव्हिरॅपिनला सरावलेला असे. म्हणून अशा बालकांना लोपिनॅव्हिर-रिटोनॅव्हिर हे वेगळे संयुक्त औषध द्यावे लागे, आणि तेथे नवाच प्रश्न उभा राहिला. ते औषध द्रवरूपात होते. अतिशय कडू, शीतकपाटात ठेवावे लागणारे, आणि त्यात शेकडा ४२ अल्कोहोल. तीन किलोच्या बालकास, दिवसातून दोनदा! ज्या पाड्यावर वीज रात्रीपुरतीही नीट येत नाही, तेथील मातेने हे औषध कसे सांभाळावे, याचा विचार ते तयार करणाऱ्यांनी केला नव्हता, असेच म्हणावे लागेल.

आता किमतीचा भाग. या सभागृहातील बहुसंख्य मंडळी बाजारपेठेतील असल्याने तो किंचित सविस्तर सांगणे उचित होईल. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तीन औषधांचा वर्षाचा खर्च दर रुग्णामागे दहा हजार डॉलरांहून अधिक होता. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या प्रक्रियेला संरक्षण दिले होते, प्रत्यक्ष औषधाला नाही. त्यामुळे भारतीय कारखानदार तेच औषध निराळ्या रीतीने तयार करू शकत. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांच्या मिश्रणाचा भाव जाहीर केला : घाऊक १२०० डॉलर, शासनांना ६००, आणि सीमापार सेवा करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेस ३५० डॉलर वर्षाला. दिवसाला एक डॉलरही नाही. एकाच मालाचे तीन गिऱ्हाइकांना तीन भाव, आणि सर्वांत गरजूला सर्वांत कमी! जगातील बड्या औषध कंपन्यांनी पुष्कळ आदळआपट केली. पण एकदा भाव फुटला की तो पुन्हा चढवणे किती अवघड, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. त्यानंतर १ एप्रिल २००४ पासून भारत शासनाने महाराष्ट्रासह सहा राज्यांत व दिल्लीत मोफत उपचार सुरू केले.

मुले मात्र याही वेळी मागे राहिली. कारण निव्वळ बाजाराचे होते. श्रीमंत देशांत गर्भवतींवर उत्तम उपचार झाल्याने बाधित बालके जन्मणेच जवळजवळ थांबले. उरलेली बालके आफ्रिकेत व आशियात, ज्यांचे पालक गरीब, पुष्कळदा मृत. ज्या मालाला खिशात पैसे असलेले गिऱ्हाईक नाही, तो माल कोण विणील? कित्येक वर्षे परिचारिका प्रौढांच्या गोळ्यांचे तुकडे करून, चूर्ण करून अंदाजाने मुलांना देत. डोस कमी पडला की विषाणू शिरजोर, जास्त झाला की यकृतावर ताण.

यावर जी तोड निघाली, ती कोणत्याही कापड बाजारात चटकन समजेल. अनेक देशांची विखुरलेली किरकोळ मागणी एकत्र करून एकगठ्ठा खरेदी करणे. युनिटेड ही आंतरराष्ट्रीय निधी संस्था व अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे प्रतिष्ठान यांनी ही खरेदी उभी केली. ३० नोव्हेंबर २००६ रोजी नवी दिल्लीत घोषणा झाली की, सिप्ला व रॅनबॅक्सी मुलांसाठी तीन औषधांची एकच गोळी दिवसाला १६ सेंट, म्हणजे वर्षाला ६० डॉलरांच्या आत पुरवतील. त्याच सुमारास भारताचा राष्ट्रीय बाल-उपचार कार्यक्रमही सुरू झाला. त्या पहिल्या गोळ्यांतील स्टॅव्ह्युडिन हे औषध पुढे दुष्परिणामांमुळे मागे पडले. परंतु मुलांसाठी स्वतंत्र माल तयार होऊ शकतो आणि परवडूही शकतो, हे सिद्ध झाले. पुढे २०१५ साली त्या कडू द्रवाऐवजी अन्नावर भुरभुरण्याचे बारीक दाणे आले. २०२० पासून डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाची, पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची लहान गोळी उपलब्ध झाली. चार आठवडे पूर्ण झालेल्या आणि तीन किलो वजन भरलेल्या बालकास ती देता येते. शीतकपाट नको, मद्यार्क नको, कडूपणा नको. तिच्या उत्पादकांतही भारतीय कारखानदार प्रमुख आहेत.

औषध लवकर सुरू केल्यास रोग कायमचा जाईल काय? या प्रश्नाने काही काळ साऱ्या जगाला आशेवर ठेवले होते. २०१० साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात एक बालक जन्मले. मातेची गर्भारपणात तपासणी झालेली नव्हती. डॉ. हॅना गे यांनी चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता जन्मानंतर सुमारे तीस तासांत तीन औषधे सुरू केली. दीड वर्षाने माता बालकास आणेनाशी झाली आणि औषध बंद पडले. काही महिन्यांनी ते परतले, तेव्हा विषाणू सापडेना! २०१३ साली ही वार्ता वृत्तपत्रांनी मोठ्या मथळ्यांनी छापली. जुलै २०१४ मध्ये मात्र, सत्तावीस महिने औषधाविना गेल्यावर, विषाणू परतल्याचे आढळले. तरीही तो प्रयत्न वाया गेला नाही. जन्मानंतर ४८ तासांत उपचार सुरू करण्याचा मोठा अभ्यास त्यातून उभा राहिला. त्यातील सहा मुलांची औषधे वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास देखरेखीखाली थांबवण्यात आली. २०२४ साली जाहीर झाले की, चौघांमध्ये ४८ आठवडे किंवा अधिक काळ विषाणू दिसला नाही. पैकी एकात तो ८० आठवड्यांनी परतला. हे संशोधकांचे क्षेत्र आहे. घरी कोणीही आपल्या मनाने औषध थांबवून पाहू नये. आजघडीला बाधित बालकास औषध रोज, न चुकता आणि आजन्म घ्यावयाचे असते. ते घेतले, तर मूल शाळेत जाते, पदवी घेते, संसार करते.

एवढे सगळे असताना उशीर का होतो? महाराष्ट्रातील काही संस्थांकडे पाहिले की उत्तर मिळते. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली 'मानव्य' सुरू केली. पंढरपूर येथे मंगलताई शाह यांनी २००१ पासून 'पालवी' उभारली. आईवडील गेल्यावर नातलगांना नकोशा झालेल्या दोन लहान मुलींपासून तिचा आरंभ झाला. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी 'सेवालय' काढले, तेव्हा त्या मुलांच्या शाळाप्रवेशाला गावातून विरोध झाला होता. या संस्थांत आलेल्या अनेक मुलांना घरे होती, काका-मामा होते, जमिनीही होत्या. त्यांना घरात ठेवून घेण्याचे धैर्य मात्र कोणाकडे नव्हते. एकत्र जेवण्याने, एका बाकावर बसण्याने, खेळण्याने हा विषाणू पसरत नाही, हे तेव्हाही ज्ञात होते.

सुस्थितीतील घरांत भीतीचे रूप वेगळे असते. तेथे सून गर्भवती राहिली की सर्व तपासण्या होतात. हीच एक 'आपल्याकडे कशाला' म्हणून टाळली जाते. अहवाल बाधित आलाच, तर तो कपाटात जातो. दूरच्या शहरातील डॉक्टर गाठला जातो, औषधे डब्याचे लेबल काढून ठेवली जातात, पाहुणे आले की डोस चुकतो. दोष बहुधा सुनेवर येतो, मुलाची चाचणी कोणी करीत नाही. या सर्व धावपळीत सहावा आठवडा केव्हाच निघून जातो. बालकाचा शत्रू विषाणू खराच, पण त्याला मुदत वाढवून देणारे घरातलेच असतात, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. रुग्णाची माहिती संमतीविना उघड करणे आणि त्यास शाळा, नोकरी वा उपचार नाकारणे त्याने निषिद्ध केले आहे. आपल्या परंपरेत औषधदान व अभयदान ही दोन निराळी दाने मानली आहेत. या रोगापुरते पाहिले, तर औषधदान शासनाने केले आहे. अभयदान शासनाला करता येत नाही.

आणि आता आपला जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकवस्तीचा. आपल्या पेठेतील दुकाने ज्यांच्या होळीच्या खरेदीवर वर्षाचा हिशेब जुळवतात, ते हेच भिल्ल, पावरा, कोकणी व मावची बांधव. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतील असंख्य कुटुंबे गुजरातेत बार्डोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात. पडावावर पालात राहतात आणि काठीच्या होळीला परततात. या चार महिन्यांत एखादी स्त्री बाळंत झाली, तर सहाव्या आठवड्याची तपासणी कोणी करावी? इकडच्या आशाताईंच्या वहीत ती 'स्थलांतरित' असते, तिकडच्या वहीत तिचे नावच नसते. गावी असली, तरी सातपुड्यातील पाड्यावरून घाट उतरून जिल्हा रुग्णालयात येणे म्हणजे दिवसाची मजुरी, जीपचे भाडे आणि कडेवर तान्हे मूल. औषध मोफत आहे. तेथवर पोहोचणे मोफत नाही. न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून रुग्णालयाच्या समुपदेशकांमार्फत, नाव न विचारता, हे जीपभाडे देता येण्यासारखे आहे. रक्कम लग्नातील एका पंगतीहूनही थोडी होईल.

काही व्यावहारिक गोष्टी. प्रत्येक गर्भवतीची चाचणी शासकीय रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात विनामूल्य होते व अहवाल गुप्त राहतो. १०९७ या विनामूल्य दूरध्वनीवर नाव न सांगता माहिती विचारता येते. बाधित माता नियमित औषध घेत असेल, तर पहिले सहा महिने फक्त स्तनपान करावे. अंगावरचे व वरचे दूध मिसळून देऊ नये. बालकाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर भेटीत वजन करून घ्यावे. तोडीला किंवा कामधंद्यासाठी परराज्यात जाणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी आपल्या ए.आर.टी. केंद्रात तसे सांगावे. बदलीची चिठ्ठी मिळते, आणि ती व उपचारपत्रिका दाखवली की गुजरातेतील केंद्रातही औषधे चालू राहतात. दुकानात दिवाळीपूर्वी कापड घेण्यास येणाऱ्या ओळखीच्या कुटुंबात तान्हे मूल दिसले, तर त्याची सहाव्या आठवड्याची तारीख केव्हा पडते, एवढे विचारण्यास गल्ल्यावरून उठावेही लागत नाही.